"अँटिव्हायरस टाकून देऊ ना?" या प्रश्नाचं उत्तर घरी बसून कसं शोधायचं

नवीन लॅपटॉपचं बिल होत असतं आणि दुकानदार काउंटरवरचा डबा पुढे सरकवत विचारतो, "अँटिव्हायरस टाकून देऊ ना?" आपण मान हलवतो. बहुतेक घरांत अँटिव्हायरसची निवड अशी अर्ध्या मिनिटात होते. पुढची कित्येक वर्षं मात्र तोच प्रोग्रॅम आपली प्रत्येक फाइल उघडून बघणार असतो, बँकेचं पान उघडताना मध्ये उभा राहणार असतो आणि दरवर्षी पैसे मागणार असतो.

माझा सल्ला असा की त्या क्षणी "आत्ता नको, बघून सांगतो" म्हणावं आणि घरी येऊन एक-दोन तास काढावेत. बहुतेक घरांना वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज पडत नाही. ज्यांना पडते, त्यांच्यासाठी योग्य कुठला हे त्यांच्या घरात व्हायरस कुठल्या वाटेने येऊ शकतो त्यावर ठरतं. ती वाट शोधायची कशी, ते क्रमाने सांगतो.

१. आधी घरात काय आहे ते पाहा

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजच्या आतच मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस असतो. आज त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. त्याला वेगळे पैसे लागत नाहीत आणि तो वेगळा टाकावाही लागत नाही. स्टार्ट मेनूमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, उघडा, खाली 'सेटिंग्ज'मध्ये जा आणि 'मॅनेज प्रोव्हायडर्स'वर क्लिक करा. तुमच्या कॉम्प्युटरची राखण सध्या कोण करतंय, त्याची यादी तिथे दिसते.

ही यादी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या मावशीचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की ती बटण दाबून चहा ठेवायला जायची. यादी उघडली तर तीन अँटिव्हायरस निघाले. एक लॅपटॉपसोबत आलेला, चाचणी मुदत केव्हाच संपलेला. दुसरा दुरुस्तीवाल्याने टाकलेला. तिसरा कुठलासा व्हिडिओ प्लेअर उतरवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत आत आलेला. तिन्हींपैकी एकाचीही व्हायरसांची माहिती ताजी नव्हती. मावशीला मात्र वाटत होतं, तीन-तीन आहेत म्हणजे भक्कम बंदोबस्त आहे.

हे उलट आहे. अँटिव्हायरस विंडोजच्या अगदी खोलवर बसतो आणि कुठलीही फाइल उघडायच्या आधी ती तपासतो. असे दोघे बसले की प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते, दोघं एकमेकांच्या फाइलींवर संशय घेतात आणि कॉम्प्युटर रखडतो. विंडोजला हे माहीत असल्यामुळे दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर सहसा आपणहून मागे सरकतो. बाहेरून आणलेले दोन मात्र एकमेकांसाठी जागा सोडत नाहीत.

म्हणून एकच ठेवा. बाकीचे 'सेटिंग्ज, ॲप्स' इथून काढा. काढूनही अवशेष राहिले तर त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तिचंच साफसफाईचं छोटं साधन असतं, ते चालवा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. मावशीच्या बाबतीत अर्धं काम इथेच झालं.

२. विंडोज कुठलं आहे?

'सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट' इथे ते कळेल. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षा-अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती, आणि तीही नोंदणी करणाऱ्यांनाच.

अँटिव्हायरसच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं आणि लोकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू लागलं. त्यासाठी कुणी चुकीच्या ठिकाणी क्लिक करण्याचीही गरज नव्हती. विंडोजमधल्या एका भोकातून ते एका कॉम्प्युटरमधून नेटवर्कवरच्या दुसऱ्यात आपोआप शिरत होतं. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, जवळजवळ दोन महिने आधी, दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये या वाटेने शिरणं त्याला शक्य झालं नाही.

म्हणून हातात थोडेच पैसे असतील आणि विंडोज जुनं असेल, तर ते पैसे अँटिव्हायरसवर घालू नका. आधी कॉम्प्युटर विंडोज ११ घेतो का ते बघा. अपडेट बंद झालेल्या विंडोजवर महागडा अँटिव्हायरस टाकला तरी भोक तसंच राहतं.

घरात ॲपलचा मॅक असेल तर त्यात 'एक्सप्रोटेक्ट' हे ॲपलचं स्वतःचं संरक्षण असतंच. मॅकओएस ताजं ठेवणं आणि अनोळखी ठिकाणचे प्रोग्रॅम न टाकणं एवढं तिथे सांभाळा. इथून पुढचं सगळं विंडोजवाल्यांसाठी.

३. जे आहे ते पूर्ण चालू करा

डिफेंडरला नावं ठेवणाऱ्या कितीतरी जणांच्या कॉम्प्युटरवर मी तो अर्धवट चालू असलेला पाहिला आहे. 'विंडोज सिक्युरिटी'तल्या 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज' उघडा. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही तिन्ही चालू हवीत. पहिलं फाइल उघडताना तपासतं. दुसरं अनोळखी फाइल दिसली की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतं. तिसरं एखाद्या व्हायरसला परस्पर डिफेंडर बंद करू देत नाही.

मग 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जाऊन 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू करा. मावशीचा तिसरा अँटिव्हायरस ज्या प्रकारे आला, तसे फुकट प्रोग्रॅमच्या पाठीवर बसून येणारे पाहुणे अडवणं हे त्याचं काम.

आता रॅन्समवेअर. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या पानावर अगदी खाली 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' आहे, त्यात 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. हे मुळात बंद असतं. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फाइलींना अनोळखी प्रोग्रॅम हात लावू शकत नाही. पहिले काही दिवस थोडा त्रास होतो, कारण हिशेबाचा किंवा डीटीपीचा एखादा जुना, प्रामाणिक प्रोग्रॅमही अडवला जातो. 'अलाउ ॲन ॲप'मध्ये त्याला एकदा परवानगी दिली की झालं. एवढा त्रास घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण घरातल्या कॉम्प्युटरवर सगळ्यात मोलाचं असतं ते त्या दोन फोल्डरांतच.

शेवटी परीक्षा घ्या. 'आयकार टेस्ट फाइल' नावाची ६८ अक्षरांची मजकूर-फाइल त्याच नावाच्या युरोपीय संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. ती पूर्ण निरुपद्रवी आहे, पण सगळे अँटिव्हायरस ठरवून तिला व्हायरस म्हणून ओळखतात. ती उतरवायचा प्रयत्न करा. लगेच अडवली गेली तर पहारा जागा आहे. काहीच झालं नाही तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

४. तुमच्या घरात धोका कुठून येतो?

निवडीचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

आपल्याकडची सगळ्यात जुनी वाट म्हणजे पेन ड्राइव्ह. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, प्रकल्पाचा अहवाल, पत्रिकेचा मजकूर असं काहीही छापायचं असलं की पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभरात कितीतरी जणांचे पेन ड्राइव्ह लागलेले असतात. पूर्वी ड्राइव्ह लावताक्षणी त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हसाठी ती सोय बंद झाली, म्हणून व्हायरसवाल्यांनी शॉर्टकटची युक्ती काढली. तुमचे खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे मांडायचे. तुम्ही 'फोटो'वर क्लिक करता, फोटो उघडतातही, पण त्याच वेळी मागून व्हायरसही सुरू झालेला असतो. घरी आल्यावर फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला तर घाबरून ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. फाइली बहुधा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. ड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी स्कॅन करा. त्याहून सोपं म्हणजे छापायचा कागद पीडीएफ करून दुकानदाराला ईमेलने पाठवा आणि ड्राइव्ह घरीच ठेवा.

दुसरी वाट म्हणजे क्रॅक, विकतचे प्रोग्रॅम पैसे न देता चालवायची चोरटी साधनं. फुकट विंडोज, फुकट ऑफिस, फुकट फोटो-संपादन, फुकट गेम. असल्या साधनांच्या सूचनांत एक ओळ हमखास असते, "आधी अँटिव्हायरस बंद करा." ती ओळ वाचून जो पहारेकरी घालवतो, त्याला जगातला कुठलाही अँटिव्हायरस वाचवू शकत नाही. घरात क्रॅक वापरले जात असतील तर चांगला अँटिव्हायरस शोधण्याआधी ते काढा. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस हा अधिकृतपणे फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालतो, युनिकोड मराठीसकट.

तिसरी वाट नवी आहे, आणि मला हीच सगळ्यात धोक्याची वाटते. एखादं पान उघडलं की "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" अशी चौकट येते. ती सांगते, विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. यात काय होतं? त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जिथे राहतो तिथे, गुपचूप एक आज्ञा ठेवलेली असते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. तिच्यातून येणारे माहितीचोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून नेतात. अशाच एका चोराने, 'लुमा'ने, १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर बाधित केल्याचं मायक्रोसॉफ्टने मोजलं होतं. कुठलंही खरं संकेतस्थळ ही बटणं दाबायला कधीच सांगत नाही. हे घरातल्या शाळकरी मुलांना आणि आजोबांना आजच सांगा.

चौथी वाट म्हणजे अँटिव्हायरसच्याच नावाने होणारी फसवणूक. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, या क्रमांकावर फोन करा" अशी आवाज करणारी खिडकी, किंवा "आपले नूतनीकरण झाले, पैसे परत हवे असल्यास फोन करा" असा ईमेल. खरा अँटिव्हायरस तुम्हाला फोन करायला सांगत नाही. खिडकी बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

५. मग विकत कधी घ्यायचा, आणि कुठला?

वरची वाट ओळखली की निवड सोपी होते. कॉम्प्युटर रोज नेटवर असतो, विंडोज ११ ताजं आहे, क्रॅक नाहीत, पेन ड्राइव्ह क्वचितच लागतो. अशा घराला नीट चालू केलेला डिफेंडर पुरतो. वाचलेल्या पैशांतून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि दर आठवड्याला फोटो, कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा तिच्यावर कॉपी करा. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. लावलेली डिस्क रॅन्समवेअरला सापडते, कपाटातली सापडत नाही.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था अँटिव्हायरसची नियमित परीक्षा घेते. संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी ६ गुण, एकूण १८. गेल्या काही वर्षांत डिफेंडरने तिथे अनेकदा पूर्ण गुण मिळवले आहेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज आणि लंडनची एसई लॅब्स या आणखी दोन संस्था. तिघींचेही निकाल फुकट वाचता येतात. एकाच फेरीचे गुण बघू नका, लागोपाठ तीन-चार फेऱ्या बघा. शिवाय चांगल्या फाइलीला व्हायरस ठरवण्याच्या चुका किती झाल्या, हेही पाहा. सतत खोटी आरोळी ठोकणारा पहारेकरी शेवटी घरचेच लोक बंद करतात.

डिफेंडरची एक उणीव मात्र आपल्याकडच्या बऱ्याच घरांना लागू पडते. तो नेटवर असताना जितका तरबेज असतो, तितका नेट नसताना नसतो. एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या मालवेअर संरक्षण चाचणीत नेटशिवाय किती व्हायरस ओळखले, याचा वेगळा रकाना असतो. त्यात डिफेंडर बिटडिफेंडरसारख्या स्पर्धकांच्या मागे राहत आला आहे. गावाकडचं घर, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कधीतरी, आणि कॉम्प्युटरवर दिवसाला दहा पेन ड्राइव्ह, असं चित्र असेल तर विकतचा अँटिव्हायरस घेण्याचं हे खरं कारण आहे. घरातूनच झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम करणाऱ्यांना मी तो घ्याच म्हणेन. निवडताना तोच रकाना बघा.

जुन्या, ४ जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर वेगाचे गुण आधी बघा. पण रखडण्याचं कारण फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी ही वेगवान, न फिरणारी डिस्क बसवल्याने जो फरक पडेल, तो अँटिव्हायरस बदलून पडणार नाही.

आता कंपन्या. पुण्याच्या क्विक हीलबद्दल मराठी माणसाला आपुलकी असते, मलाही आहे. मूळचे रहिमतपूरचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले आणि धाकटे बंधू संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला. पुण्याचाच नेट प्रोटेक्टर, मुंबईचा ई-स्कॅन, चेन्नईचा के७ हेही आपल्या दुकानांत मिळतात. जवळच्या कंपनीचा फायदा मदतीत असतो. आई-वडील एकटे राहत असतील तर त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस फोनवर मिळणं मोठी गोष्ट आहे. पण डब्यावरच्या वाक्यावर विसंबू नका. घेण्याआधी मदतीच्या क्रमांकावर एकदा फोन लावून बघा, किती वेळात कोण उचलतं ते. आणि परीक्षेचे गुण सगळ्यांचे सारख्याच काटेकोरपणे बघा.

परदेशी नावांत बिटडिफेंडर रोमानियाचा आणि ईसेट स्लोवाकियाचा. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चार नावं आज एकाच जेन डिजिटल कंपनीची आहेत, तेव्हा यातल्या दोघांची तुलना करताना ते लक्षात असू द्या. रशियाच्या कॅस्परस्कीच्या विक्रीवर अमेरिकेने २०२४ मध्ये बंदी घातली आणि २९ सप्टेंबरपासून तिथे त्याचे अपडेटही थांबले. तिकडे राहणाऱ्या मुलांच्या जुन्या लॅपटॉपवर तो असेल तर बदलायला सांगा.

फुकटच्या अँटिव्हायरसबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. अव्हास्टने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जमशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जमशॉट त्याआधी, २०२० मध्येच बंद झाली होती. पण राखणदार म्हणून घरात घेतलेला प्रोग्रॅम काय काय बघू शकतो, हे त्यातून कळतं. फुकटचा असो की विकतचा, टाकल्यावर त्याच्या 'प्रायव्हसी' सेटिंगमध्ये जा आणि माहिती इतरांना देण्याची प्रत्येक खूण काढून टाका.

६. पैसे देण्याआधी

महिनाभराची चाचणी आवृत्ती टाका. घरातलं रोजचं काम तिच्यावर करून बघा. टॅली चालतं का, प्रिंटर चालतो का, बँकेचं पान अडकतं का. पटलं तर पहिल्या वर्षाची किंमत बाजूला ठेवून दुसऱ्या वर्षाची विचारा, कारण सवलत बहुधा पहिल्या वर्षापुरतीच असते. कार्डावरून घेतलात तर आपोआप नूतनीकरणाची खूण लगेच काढा. राहिलीच, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी आपोआप वजावट होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेची सूचना यायला हवी. तो संदेश दुर्लक्षित करू नका. दुकानातून डबा घेतलात तर त्यातला लायसन्स क्रमांक ('की') तुमच्याच ईमेलवर नोंदवा, दुकानदाराच्या नाही. व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारा, कॉम्प्युटर 'वेगवान' करणारा असल्या जोडांसाठी वरचे पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही.

७. आधीच काही शिरलंय असं वाटत असेल तर

नवा अँटिव्हायरस टाकण्याची घाई करू नका. वाय-फाय बंद करा. 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' आहे, तो चालवा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच, साधारण पंधरा मिनिटांत, तपासणी होते. लपून बसलेल्याला तेव्हा पहारा फसवणं अवघड जातं. मग दुसरं मत म्हणून मायक्रोसॉफ्टचा 'सेफ्टी स्कॅनर' किंवा मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती चालवा. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून दर वेळी ताजा घ्या. सर्ट-इन या आपल्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही २०१७ पासून फुकट साधनं मिळतात. एखाद्याच फाइलचा संशय असेल तर ती व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकून सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसचं मत एकदम घेता येतं. फक्त आधार, पॅन, बँकेचे कागद तिथे कधीही टाकू नका, कारण टाकलेली फाइल इतरांना बघता येऊ शकते.

वर सांगितलेली विंडोज आणि आर ही बटणं दाबून आज्ञा चालवली गेली असेल तर नुसती सफाई पुरत नाही. पासवर्ड गेलेच, असं धरून चाला. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, 'सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट' करा, मग बँकेचा बदला. त्यानंतर विंडोज नव्याने टाकून घ्या. खात्यातून पैसे गेले असतील तर या सगळ्याच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम कागदावर लिहून समोर ठेवा, कारण पहिल्यांदा तेच विचारलं जातं.